बिनधुराची बारा घरं

१९ सप्टेंबर १९७२

ग्रामसेविकेची सरकारी दैनंदिनी महिनाअखेर कचेरीत द्यावी लागते. तिच्यात 'गृहभेटी सात, प्रात्यक्षिक एक' असं लिहिलं की भागतं. मनात येतं ते तिथं लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही आजपासून. ही कुणाला दाखवायची नाही.

नमुनाघरावर आज पत्रे बसले. चार महिने गवंड्याच्या मागे लागून लागून घसा बसला माझा. गावठाणाच्या उंचवट्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर, समोरासमोर दोन खिडक्या. आत बिनधुराची चूल. जाळ एकच, भांडी दोन आणि धूर वर न्यायला कुंभाराकडून घडवून घेतलेल्या नळ्यांचं धुराडं. शेजारी भुश्शाची पेटी. कण्यांना एक उकळी आणून पातेलं तिच्यात झाकून ठेवलं की पुढचं आपोआप शिजतं. अंगणात काळा रंग दिलेला डबा, त्यात आंघोळीचं पाणी उन्हानंच तापतं. कोपऱ्यात सरपण तोलायला तागडी.

बायका बघून गेल्या. छबूबाई म्हणून साठीच्या एक आहेत, त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "घर झ्याक हाय बाई. पन ह्यात ऱ्हानार कोन?"

मी म्हटलं, "कुणी नाही. हे बघून तुम्ही आपापलं घर असं करायचं."

"आसं व्हय," म्हणाल्या आणि पदराला हात पुसून गेल्या. मला उगाच राग आला.

२८ सप्टेंबर

पाऊस नाहीच. गेल्या वर्षीही नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही बेताचाच. निम्म्या गावाची जनावरं छावणीला गेली. जनावरं गेली म्हणजे शेण गेलं, शेण गेलं म्हणजे गोवऱ्या गेल्या. बायका काटक्यांसाठी तीन तीन मैल चालतात. असल्या वर्षात सरपण वाचवायला शिकवायचं नाही तर कधी?

कचेरीतले साहेब म्हणाले, "मनकर्णाबाई, दुष्काळात चुली कसल्या काढता?" माझं माहेर अकोले तालुक्यातलं, पावसाच्या डोंगरपट्ट्यातलं. तिकडे चार महिने ओल्या लाकडावर भात शिजवायचा. घरात धूर इतका की आई आम्हाला आवाजानं ओळखायची. पुढे धूर नसतानाही आवाजानंच ओळखायला लागली. पंचेचाळिसाव्या वर्षी तिचे दोन्ही डोळे गेले. कुणाच्या घरातून धूर निघताना दिसला की मला अजून आईचे डोळे आठवतात. हे साहेबांना काय सांगायचं!

११ ऑक्टोबर

अखेर एक बाई मनापासून पुढे आली. चांगुणा. रंगूतात्यांची सून. रंगूतात्या म्हणजे गावातलं जुनं मातब्बर घर, दारात बसले तर जाणारा येणारा चप्पल काढून हातात घेतो. नवरा गोरक्षनाथ दसऱ्याच्या आधीच बैलगाडी घेऊन देवळाली प्रवरेकडे ऊस वाहायला गेला आहे. घरात ती, सासरा आणि दोन मुली. गावातल्या बहुतेक बायका आता दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, पण तात्यांनी साफ सांगितलं आहे की आमच्या घरची बाई खडीवर जाणार नाही.

माझ्या दृष्टीनं बरंच झालं. चांगुणाला वेळ आहे आणि हाताला चटपटीत आहे. आज प्रात्यक्षिकाच्या मिलोच्या कण्या तिनंच केल्या. सगळ्यांना चमचा चमचा चव दिली. या लाल ज्वारीला वास येतो म्हणून बायका नाक मुरडतात, पण आज पातेलं चाटूनपुसून लख्ख झालं. म्हणजे शिकवण्याचा परिणाम होतो आहे.

२५ ऑक्टोबर

प्रात्यक्षिकाला आता तीस-तीस बायका येतात. साहेबांना कळवलं.

चांगुणानं आज एक गमतीचा प्रश्न विचारला. "बाई, ह्या पेटीत कण्या नुसत्या पान्यात घालून ठिवल्या, जाळ न करता, तर शिजत्याल का?" मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, आधी जाळ तर लागेल ना!" तीही हसली.

एक गोष्ट मात्र खटकली. गेले दोन आठवडे ती वाटीभर कण्या पदराखाली घरी नेते. "मामंजींना चव दाखवते" म्हणते. पहिल्यांदा मी कौतुकानं नेऊ दिलं. पण इतरांच्या नजरेत येतं. आज बाजूला घेऊन सांगितलं, की चांगुणा, नमुना हा इथं बघण्यासाठी आहे, घरी न्यायचा नाही. तिनं वाटी पुन्हा पातेल्यात रिकामी केली. वाटी धुऊन पालथी घातली आणि म्हणाली, "चुकलंच माझं." मी जरा मऊ आवाजात सांगायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

बारा घरांत बारा चुली झाल्या! पहिली चांगुणाकडे. आज बाराही जणींना नमुनाघरात बोलावून नियम सांगितले. सरपण वाळलेलं आणि बारीक. भांड्यावर झाकण. आणि विस्तव मागायला दारोदार फिरायचं नाही. इथली रीत अशी की सकाळी एकीची चूल पेटली की बाकीच्या गोवरीचा तुकडा घेऊन तिच्याकडे निखारा मागायला जातात, तिच्याकडून दुसरी नेते, दुसरीकडून तिसरी. वारा सुटला की निखारा उडून गंजी पेटते, शिवाय बोलण्यात अर्धा तास जातो. म्हणून दर आठवड्याला प्रत्येकीला एक काडेपेटी माझ्याकडून.

छबूबाई लगेच अडल्या. त्यांचं काहीतरी असतंच. "इस्तवाला गेलं म्हंजी चार घरं कळत्यात बाई. कोनाची पेटली, कोनाची न्हाई."

मी म्हटलं, "तेच तर बंद करायचंय. कुणाच्या चुलीत काय शिजतं याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

बायका हसल्या. छबूबाईंनी काडेपेटी कमरेला खोचली. चांगुणाच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एक आहे, चुलत सासू लागतात. आजवर निखारा त्यांच्याकडूनच जायचा. चांगुणानं काडेपेटी दोन्ही हातांत धरली, देवाचा अंगारा धरावा तशी.

४ डिसेंबर

भाकरीनं माझी फजिती केली. माझ्या माहेरी भात, त्यामुळे हे ध्यानातच आलं नव्हतं. भाकरी तव्यावर भाजली की चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची असते आणि माझ्या चुलीला तोंडाशी जागाच नाही. बारा घरांत बारा चपट्या भाकरी. गवंडी बोलावून सगळ्यांच्या चुलीची तोंडं वीतभर पुढे वाढवून घेतली. चूक कबूल केली ते बरं झालं, बायका माझ्याशी जरा मोकळ्या बोलायला लागल्या आहेत.

अकराजणींनी तक्रार केली. चांगुणानं तेवढी केली नाही. सोशिक आहे.

१२ डिसेंबर

मार्कांची युक्ती सुचली. नमुनाघराच्या ओट्यावरून बाराही धुराडी दिसतात. वाळलेलं सरपण नीट जाळलं तर धुराड्यातूनही धूर दिसू नये. रोज सकाळी सात ते आठ ओट्यावर बसून नोंद करायची. धूर मुळीच नाही, दोन मार्क. बारीक रेघ, एक. भरपूर धूर, भोपळा. सव्वीस जानेवारीला साहेबांच्या हस्ते बक्षीस.

पहिल्याच दिवशी नऊजणींना भोपळा. चांगुणाला दोन.

२१ डिसेंबर

नऊ दिवस झाले, चांगुणाचे दोन मार्क एकदाही चुकलेले नाहीत. आज मुद्दाम तिची चूल बघायला गेले.

तात्या दारात बसले होते. कडुनिंबाच्या काडीनं दात कोरत होते. मी विचारलं, "जेवण झालं का तात्या?"

"व्हय, ह्ये काय, आत्ताच हात धुतला," म्हणाले आणि मोठ्यानं ढेकर दिली. "सुनबाई, बाईंना पानी दे."

वाळले आहेत, पण आवाज अजून पाटलाचा.

चूल बघून मी तोंडात बोटं घातली. तोंडाशी काजळी म्हणून नाही. सारवण काल केलेलं तसंच्या तसं, बोटांची नक्षीसुद्धा मोडलेली नाही. कडेला हळदकुंकू. सरपणाची मोळी रचून ठेवलेली. मी मुलींना म्हटलं, "बघा, तुमची आई किती नेटकी आहे." दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुणी मुली, दंगा नाही, काही नाही. इतर घरी गेलं की पोरं झोंबतात, या जागच्या हलतसुद्धा नाहीत.

चांगुणाला म्हटलं, "तू कसं करतेस हे एकदा बायकांना सांग." ती म्हणाली, "सांगन्यासारखं काय न्हाई बाई."

७ जानेवारी १९७३

सरपणाचं वजन केलं. आठवड्याला प्रत्येकीला दहा किलो तोलून दिलं होतं. कुणाचं दोन किलो उरलं, कुणाचं तीन. चांगुणाचं साडेआठ उरलं. तागडी चुकली असं वाटून दोनदा तोललं.

रात्री साहेबांना अहवाल लिहिला. बारा घरांची सरासरी बचत साहेबांच्या अंदाजाच्या दुप्पट भरली. आईची फार आठवण आली.

२६ जानेवारी

आज कार्यक्रम झाला. साहेब, सरपंच, शाळेची मुलं, सगळं गाव. चांगुणाला पहिलं बक्षीस, झाकणाचा मोठा ॲल्युमिनियमचा डबा. पीठ ठेवायला.

साहेबांनी डबा तिच्या हातात दिला, फोटोवाला बटण दाबणार तेवढ्यात छबूबाई गर्दीतून उठल्या. "रिकामं भांडं देत्यात का कुनी?" म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतली मूठभर ज्वारी डब्यात टाकली. दाणे डब्याच्या तळावर वाजले. फोटो बिघडला. साहेब हसले म्हणून निभावलं.

चांगुणा डब्यात बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. मलाही भरून आलं. या बायकांचं कौतुक कधी कुणी केलेलं नसतं. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर नुसती मान हलवली. तात्या आले नव्हते, अंगात कसर आहे म्हणे.

३० जानेवारी

साहेबांचं पत्र. शेजारच्या दोन गावांत नमुनाघर करायचं ठरतं आहे. मी पत्र चारदा वाचलं.

९ फेब्रुवारी

पहाटे रंगूतात्या गेले.

दुपारी सगळं आटोपून माणसं परत आली. मी चांगुणाकडे गेले. पोलीस पाटलांनी नोंदीत म्हातारपण लिहिलं. दोन दिवस ताप होता, अंगात काही उरलंच नव्हतं, असं बायका बोलत होत्या.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकी भाकरी घेऊन येते. छबूबाई आणि आणखी चारजणी टोपल्या घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, कुणी कांदा. छबूबाईंनी चांगुणाच्या तोंडाला बळंच घास लावला. मुलींना ताट वाढलं.

मुली खायला लागल्या. आम्ही सगळ्या बघत होतो. मोठीनं एका हातानं घास घेतला आणि दुसऱ्या हातानं पुढची भाकरी मांडीखाली धरून ठेवली. धाकटी न चावता गिळत होती. पाणी पिऊन तिनं आईकडं बघितलं आणि विचारलं,

"आई, उद्या बी सुतक हाय का?"

चांगुणानं तिचं तोंड दाबलं. मग स्वतःचं तोंड दाबलं.

मी उठून चुलीपाशी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. हात आत घातला. राख गार आणि दगडासारखी बसलेली होती. चुलीमागच्या भानुशीवर माझ्या काडेपेट्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तेरा दिल्या होत्या, अकरांवरचा कागद फाटलेला नव्हता. खाली सरपणाच्या मोळ्या, मीच तोलून दिलेल्या, बांधल्या तशा. आणि पिठाचा डबा. झाकण उघडलं नाही मी.

छबूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "भित्ताला भित्ताड माझं. मला वाटायचं, बिनधुराची चूल हाय, धूर कशाला दिसंल."

१० फेब्रुवारी

आज तक्ता काढून बसले. बारा डिसेंबरपासून सव्वीस जानेवारीपर्यंत चांगुणापुढे दोन, दोन, दोन. मध्ये चार ठिकाणी एक आहे. त्या चार दिवशी त्या घरात शिजलं होतं. आणि मी त्या चार दिवशी, मला चांगलं आठवतं, मनात म्हटलं होतं की आज चांगुणानं निष्काळजीपणा केला.

तिची वाटी. ती वाटी मीच पालथी घालायला लावली.

गावाला दुसऱ्याच्या उपासाची खूण धुरावरून पटायची, नाहीतर विस्तवावरून. धूर मी बंद केला आणि विस्तवही मीच बंद केला. वर बक्षीस दिलं. मला माझी लाज वाटते. आणखी काही लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी

गोरक्षनाथ काल आला. आज ओसरीवर भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तात्यांनीच सांगितलं हुतं, कणगीत दानं हायत, तू बिनघोर जा. मी कणगीत वाकून बघितलं न्हाई. बापाच्या कणगीत कुनी वाकून बघतं का बाई?"

चांगुणाची माफी मागितली. शब्द नीट सुचले नाहीत. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? तुमच्या चुलीनं आमच्या घराची अब्रू राखली. मामंजी म्हनायचे, बाईंनी लई उपकार केले."

शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते.

१४ फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहिलं. अहवालातून एक घर वगळावं, सरासरी पुन्हा काढावी. 'वगळण्याचे कारण' या रकान्यापाशी तासभर बसले. शेवटी लिहिलं, 'चूल पेटत नव्हती.' उरलेल्या अकरा घरांतही सरपण वाचलं आहे, ते खरं वाचलं की नाही हे आता प्रत्येक घरात जाऊन बघावं लागेल. चूल वाईट नाही. माझ्या आईला अशी चूल मिळाली असती तर तिचे डोळे राहिले असते, हे मी आजही म्हणेन. पण ओट्यावर बसून घर दिसत नाही.

मार्कांचा तक्ता उतरवून ठेवला. फाडला नाही.

२३ फेब्रुवारी

तेरावं परवा झालं. गोरक्षनाथ परत गेला, बैल तिकडेच आहेत. काल सकाळी चांगुणा छबूबाईंबरोबर खडीवर गेली. आता अडवायला कोणी नाही. संध्याकाळी डोक्यावर मिलोचं गाठोडं घेऊन आली तेव्हा मी वाटेत उभी होते. हाताची बोटं फुटली होती तिची.

आज पहाटे माझ्या खोलीतल्या काडेपेट्यांच्या खोक्याला कुलूप लावलं. गोवरीचा एक तुकडा घेतला आणि विस्तव मागायला निघाले.

पहिलं दार छबूबाईंचं. त्यांनी मला आणि गोवरीला बघितलं. "काडेपेट्यांचं खोकं सरलं व्हय?" म्हटलं, "सरलं." त्यांनी निखारा दिला नाही. म्हणाल्या, "पुढनं मागत या बाई. माझी पेटलीया, दिसतीया. पुढनं या."

मी सगळी आळी फिरले. नऊ घरांत चूल पेटली होती. दोन घरांत "आजून पेटायचीय" म्हणाले आणि दार जरा ओढून घेतलं. मी ती दोन्ही घरं ध्यानात ठेवली. छबूबाईंना सांगितलं, त्यांनी भाकरीची टोपली उचलली.

चांगुणाचं दार शेवटी ठेवलं होतं. आत धूर कोंदला होता. कामावरून येताना वेचलेल्या ओल्या काटक्या होत्या, सुक्या मोळ्या तशाच कोपऱ्यात. त्यांना तिनं हात लावलेला नाही. तिनं भाकरी आरावर उभी केली, चिमट्यानं निखारा काढला आणि माझ्या गोवरीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचंच असेल. माझ्याही येत होतं.

"बाई," ती म्हणाली, "आज भोपळा माझा."

मी फुंकर घातली. गोवरी धरली. बाहेर येऊन वर बघितलं आणि घरी आल्यावर तक्ता काढून तिच्या नावापुढे आजची नोंद केली: धूर भरपूर.